ऊनभेट

बनाबाई गुरवाबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. लिहिणारी माणसं गावात राहिली नाहीत, म्हणून मी लिहितोय. माझा जन्म पिठाच्या गिरणीवर गेला. दुकानाच्या पाटीपलीकडं मी फारसं काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलं-माकलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आमची खैरवाडी इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यावर. पळसदेवचं पाण्यातलं देऊळ सगळ्यांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं आणि लोक लांबून बघायला जातात. आमचंही एक देऊळ पाण्यात आहे. महादेवाचं, काळ्या दगडाचं, पण लहान. ते कुणाला ठाऊक नाही. धरण भरलं तेव्हा आम्ही वर माळावर येऊन राहिलो, नवं देऊळ बांधलं, नवी पिंड बसवली. जुनी पिंड जागची हललीच नाही, म्हणून ती तिथंच ठेवली. नव्या देवळाचं दार रस्त्याकडं, म्हणजे उत्तरेला केलं. जाता-येता दर्शन व्हावं, एवढाच विचार. जुन्या देवळाचं दार उगवतीला होतं. बनाबाईनं तेव्हा हे बोलून दाखवलं होतं म्हणे, पण गुरवाच्या सुनेला कोण विचारतं.

तिचं म्हणणं ऊनभेटीवरून होतं. जुन्या गावात चैत्राची जत्रा पाडव्याला सुरू व्हायची ती पुनवेला उठायची. तेवढे दिवस गुरव देवळातच मुक्काम करायचा. त्या दिवसांत कधीतरी एका सकाळी उगवतीचं ऊन दारातून, सभामंडपातून थेट गाभाऱ्यात शिरायचं आणि पिंडीवर पडायचं. मग गुरव शिंग फुंकायचा आणि सगळं गाव हातातलं काम टाकून धावायचं. तीच ऊनभेट. कुठल्या दिवशी व्हायची ते कुणी ध्यानात ठेवलं नव्हतं. ठेवायची गरजच नव्हती, कारण गुरव रोज तिथंच असायचा. एखाद्या वर्षी ऊन यायचंच नाही. मग म्हातारे म्हणायचे, ऊन रुसलं. कुणाच्या हातून काय चुकलं याची चौकशी व्हायची आणि देवाला दहीभाताचा नैवेद्य जायचा.

वर आल्यावर जत्रा आटत आटत एका दिवसावर आली. चैत्री पुनव. दोन पाळणे, एक बांगड्यांची पथारी, संपलं. नवीन पोरांना वाटू लागलं की ऊनभेट पुनवेचीच असते. पुढं पुढं म्हाताऱ्यांनाही तसंच वाटू लागलं.

बनाबाईचा नवरा वर आल्यावर लवकरच गेला. तिनं गुरवकी सोडली नाही. दर सोमवारी घरोघर बेल नेऊन द्यायची, लग्नकार्याला पत्रावळी लावून द्यायची. पूर्वी बेलाच्या बदल्यात सूपभर ज्वारी मिळायची. आता लोक बेल घ्यायचे, कोनाड्यात ठेवायचे आणि टीव्हीकडं वळायचे. गिरणीत आली की कोपऱ्यात पोत्यावर बसायची, पीठ उडून भुवया पांढऱ्या झाल्या तरी पुसायची नाही.

एकुलता मुलगा सोपान. म्हस्कू भोयाच्या संगतीनं तो होडी चालवायला शिकला, पत्र्याची एक होडी केली, जाळी टाकून चिलापी धरू लागला. गुरवाचं पोर मासे धरतं म्हणून थोडी कुजबुज झाली, मग तीही बंद झाली. सोपानचा मेहुणा भोसरीला कारखान्यात होता. दर दिवाळीला तो म्हणायचा, दाजी, इथं काय ठेवलंय, चला. सोपानची बायकोही तयार होती. सोपान म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. बनाबाई हे ऐकायची आणि चुलीपुढून उठायची नाही. सोपानच्या मुलीवर, माधवीवर, तिचा फार जीव. आणि गाव सोडून ती कुठं जाणार नव्हती. एकदा बुडालेलं गाव तिनं पाहिलं होतं.

शहाण्णव साली चैत्रात पाणी चांगलं उतरलं. पुनवेच्या पहाटे जुन्या देवाला बेल वाहायचा म्हणून ती सोपानच्या होडीत बसली. नारळ फोडायला पुरुषमाणूस हवं म्हणून मलाही बोलावलं. देवळात घोटाभर गाळ होता, भिंतींना शिंपले चिकटलेले. आम्ही गाभाऱ्यात उभे होतो आणि पाठीमागून ऊन आलं. आधी मागची भिंत तांबडी झाली, मग पिंड, मग गाळ. वरपासून खालपर्यंत. सोपान हातातलं वल्हं घेऊन तसाच उभा राहिला. बनाबाईनं तळहात त्या उन्हात धरला आणि मग माझ्या मनगटाला लावला.

"ऊन हाय का न्हाय, तात्या?"

मी म्हणालो, आहे.

"मला वाटाय लागलं व्हतं, मी सपान बघितलं का काय." मग पिंडीवर बेल ठेवत म्हणाली, "हे मानसांनी बगाया पायजे."

परत येताना ती एवढंच बोलत होती. लोक आले तर त्यांना होडी लागेल, होडी चालली तर सोपान राहील. पळसदेवला येतात तर इथं का येणार नाहीत? तिथं देऊळ आहे, आपल्याकडं देवळात ऊन येतं.

पुढच्या वर्षी, सत्त्याण्णवच्या मार्चअखेरीला, आकाशात शेंडीवाला तारा दिसू लागला. दिवस मावळला की मावळतीच्या अंगाला, झाडूसारखा. गावात काहीबाही बोललं जाऊ लागलं. त्याच आठवड्यात बारामतीहून धम्मदीप मास्तर दुर्बीण घेऊन आला. तो शाळेत विज्ञान शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव तारे दाखवत फिरायचा. मूळचा आमच्याच गावचा. धरणात गाव गेलं तेव्हा त्याच्या वडिलांनी कन्हेरीला जमीन घेतली. त्याचे आजोबा जत्रेत हलगी वाजवायचे, देवळाबाहेर, ठरलेल्या दगडापाशी. पुढं त्यांनी बाबासाहेबांचा धम्म घेतला आणि हलगी सोडली.

त्यानं शाळेच्या पटांगणात दुर्बीण लावली. पोरांआधी म्हातारीच पुढं. बनाबाईनं डोळा लावला आणि काढीचना. मागचे ओरडायला लागले तेव्हा म्हणाली, "ह्यो जातूय कुठं?" मास्तरनं सांगितलं, सूर्याला वळसा घालून परत फिरेल, पुन्हा यायला हजारो वर्षं लागतील. ती म्हणाली, मग तो आपल्याला काय कामाचा, आमचं ऊन दरसाल येतं. आणि तिथंच, दुर्बिणीजवळ उभं राहून, तिनं त्याला सगळी ऊनभेट सांगितली.

मास्तर हरखला. तिनं सांगितलं ते त्यानं हसण्यावारी नेलं नाही, हे मला आवडलं. तो म्हणाला की ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांनी आकाश बघून दार ठेवलंय. आपण शाळांना बोलावू, इंदापूर-बारामतीची माणसं आणू. संध्याकाळी शेंडीचा तारा, मुक्काम गावात, सकाळी ऊनभेट. बायकांनी पिठलं-भाकरी करावी, होड्यांनी माणसं न्यावीत. एका वर्षानं काही होणार नाही, पण पाच वर्षं केलं तर गावाला नाव होईल. बनाबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. इतकी वर्षं ती हेच म्हणत होती, पण असं नीट कुणी मांडलं नव्हतं.

दोन दिवसांनी नव्या देवळात बैठक बसली. बाजीराव पाटील मुख्य. आम्ही त्यांना आबा म्हणतो. माणूस वाईट नव्हता, पण आपल्या तोंडचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. जत्रा मोठी करायची, बाहेरची माणसं बोलवायची, हे त्यांनाही पटलं. गेणबा आचाऱ्यानं भांडी देतो म्हणून सांगितलं. मग मास्तरनं दिवसाचा विषय काढला. त्यानं विचारलं, गेल्या वर्षी तारीख कुठली होती? मी हळू सांगितलं, एप्रिलची चार. तो म्हणाला, मग यंदाही तीच, एखादा दिवस इकडं-तिकडं. म्हणजे येत्या शुक्रवारीच बघायला हवं.

आबा म्हणाले, पुनव अजून लांब आहे.

"पुनव चंद्राची असते आबा. गेल्या आषाढात धोंड्याचा महिना आला, म्हणून यंदा पुनव पुढं गेली. सूर्याला धोंड्याचा महिना नसतो."

आबा हसले. "फाल्गुन सरला न्हाय, पाडवा झाला न्हाय, आन चैत्राची जत्रा भरवायची? मग दिवाळीबी शिमग्यातच करू की."

सगळे हसले. मास्तर आणखी काही बोलणार होता. आबा हसत हसतच पुढं म्हणाले, "मास्तर, तुमचं आजं हलगी वाजवायचं. त्यांनी कधी दिस इचारला न्हाय."

कुणी हसलं, कुणी खाली बघितलं. मास्तरच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतलं गेलं. तो म्हणाला, "बरं. देवळाचा दिवस तुम्ही ठरवा." पुन्हा तो त्या विषयावर बोलला नाही. सोपान म्हणाला, नाहीतरी पाणी अजून उंबऱ्याला लागून आहे, थोडं उतरलं तर माणसांना उभं राहायला बरं. बनाबाई दाराशी बसली होती. तिनं दोन्ही बाजू ऐकल्या आणि पुनवेला मान हलवली. चैत्राआधी ऊनभेट, हे तिच्याही मनाला शिवणं शक्य नव्हतं. ती गुरवीण होती, पाडव्याआधी जत्रेचा नारळ तिच्या हातून फुटला नसता.

शुक्रवार आला आणि गेला. देवळात ऊन बघायला कुणी गेलं नाही.

पुनवेच्या आदल्या दिवशी गाव कधी नव्हे ते भरलं. बारामतीहून मुलांची बस आली, इंदापूरहून जीपगाड्या आल्या, पुण्याची काही मंडळी कॅमेरे घेऊन आली. बायकांनी शाळेच्या मागं चुली मांडल्या. बांगड्यांच्या पथाऱ्या सात-आठ झाल्या. सोपाननं होडीला रंग दिला होता आणि माधवीला नवा झगा. संध्याकाळी तारा फिकट होता, चांदणं जास्त होतं, पण दुर्बिणीपुढं रांग शाळेच्या फाटकापर्यंत गेली. आबांनी स्वतः तीनदा डोळा लावला आणि तिन्ही वेळा काही दिसलं नाही म्हणाले, पण जाईनात. बनाबाई भाकरीच्या टोपल्या मोजत फिरत होती. माधवीच्या आईनं त्या दिवशी सासूला विचारलं, पुढच्या वर्षी असंच झालं तर आपणही हॉटेल टाकावं का? बनाबाईनं मला हे गिरणीवर येऊन सांगितलं. तिला असं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

सकाळी उजाडायच्या बेतात होड्या निघाल्या. पाणी उतरल्यामुळं सभामंडप कोरडा होता. सोपाननं गाळ काढून, धुऊन ठेवला होता. मुलं आत बसली. धम्मदीप मास्तर उंबऱ्याबाहेर पाण्याच्या कडेला उभा होता. बनाबाईनं त्याला पाहिलं, जाऊन हात धरला आणि आत आणून खांबापाशी उभं केलं. "तुमी आनलेली मानसं, आन तुमी भाईर?" असं काहीतरी म्हणाली. मग ती गाभाऱ्यात गेली, पिंडीपाशी बसली, शिंग हातात.

सूर्य वर आला. ऊन दारातून आत शिरलं आणि गाभाऱ्याच्या डाव्या भिंतीवर पडलं. मुलं ओरडली. त्यांना वाटलं, हेच. बनाबाईनं शिंग ओठाला लावलं नाही. ती भिंतीकडं बघत होती. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, फरशीवर आलं, पिंडीकडं सरकू लागलं. हातभर राहिलं, वीतभर राहिलं. पण तोवर सूर्य वर चढला होता. जेवढं ऊन पिंडीकडं सरके, तेवढंच मागं ओसरे. वीतभर अंतरावरून ते मागं फिरलं, गाभाऱ्याचा उंबरा ओलांडून मंडपात गेलं, मंडपातून दाराकडं. पिंड काळीच राहिली. बनाबाईनं हात पुढं करून त्या उन्हाच्या कडेला लावला, जसं काही ओढून आणता येईल.

कॅमेरेवाल्यांनी विचारलं, झालं का?

मग मागून कुणीतरी म्हणालं, ऊन रुसलं. तो शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी वीस वर्षांनी आला असेल, पण आला तसा त्याच्या पाठोपाठचा प्रश्नही आला. चुकलं कुणाचं? बाजीराव आबांनी मंडपात इकडं-तिकडं बघितलं आणि त्यांची नजर खांबापाशी थांबली. त्यांनी मास्तरला काही विचारलं नाही. बनाबाईला विचारलं.

"ह्यांला उंबऱ्याच्या आत कुणी घेतलं?"

मास्तर म्हणाला, "ऊन मागंच येऊन गेलं, आबा. मी सांगितलं होतं." त्याचा आवाज वर चढला नाही. कुणी तिकडं पाहिलंही नाही.

बनाबाई गाभाऱ्यातून बाहेर आली. "मी घेतलं. हात धरून आनलं मी."

आबा एवढंच म्हणाले, "मग बग आता." आणि होडीकडं वळले.

मास्तरनं मुलांना रांगेत उभं केलं, होडीत बसवलं, स्वतः शेवटच्या होडीनं आला. न्याहारी न करता बस निघून गेली. जीपगाड्याही गेल्या. भाकरीच्या टोपल्या झाकलेल्या तशाच राहिल्या. दुपारी चार जाणती माणसं जुन्या देवळात गोमूत्र शिंपडायला गेली, ती सोपानच्याच होडीतून. त्यानं वल्हं मारलं, बाहेर थांबला, त्यांना परत आणलं. होडी काठाला ओढून पालथी घातली. घरी येऊन बायकोला म्हणाला, तुझ्या भावाला निरोप दे.

संध्याकाळी ठरलं की यापुढं जत्रा नव्या देवळातच, बाहेरचं माणूस जुन्या देवळात न्यायचं नाही.

दोन-तीन दिवसांनी म्हस्कू गिरणीत आला. बनाबाई कोपऱ्यात पोत्यावर होती. बैठकीत शुक्रवारचं काय बोलणं झालं ते त्याला ठाऊक नव्हतं, तो सहज बोलला, की मागं शुक्रवारी सकाळी तो देवळाजवळ जाळं काढायला गेला होता, तर आत सगळं पिवळं-तांबडं झालेलं. त्याला वाटलं पाण्याचा उजेड. मी त्याला खूण केली, पण तो बोलून गेला होता. बनाबाईनं पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं. तिनं तसं केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. दळण न घेताच ती गेली.

तिनं हे आबांना जाऊन सांगितलं. आबा म्हणाले, म्हस्कू कशाला काय म्हणतो त्याचं काय धरायचं. पुढं तिनं कुणाला सांगितलं नाही.

सोपान ज्येष्ठात भोसरीला गेला. माधवीची शाळा तिकडंच घातली. आईला चल म्हणाला, ती नाही म्हणाली. मी म्हणालो, जा. ती म्हणाली, सोमवारी बेल कोण देईल? सोमवारी बेल घेणारी घरं तेव्हा पाच-सहा उरली होती. त्यातल्या दोघांनी त्या जत्रेनंतर तिच्या हातचा बेल घेणं बंद केलं होतं. तरी ती त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून यायची.

मास्तर मला बारामतीच्या एस.टी. स्टँडवर एकदा भेटला. बनाबाईची चौकशी केली. मी म्हणालो, तुमचं खरं निघालं, म्हस्कूनं पाहिलं. त्याला आनंद झाला नाही. म्हणाला, "तात्या, मी शुक्रवारी एकटा यायला हवं होतं. एखाद्या मुलाला नाहीतर तुम्हाला घेऊन. पण त्या देवळात आपण होऊन जायचं, हे पायांना जमलं नाही." मग त्याची गाडी लागली. खैरवाडीला तो पुन्हा आला नाही. आसपासच्या गावांत दुर्बीण घेऊन जायचा, असं कानावर यायचं.

अठ्ठ्याण्णवला एप्रिलच्या सुरुवातीला पाणी उतरलंच नाही. देवळाचा कळस तेवढा दिसत होता. नव्याण्णवलाही तेच. त्या वर्षी बनाबाई खंगली होती. चैत्र केव्हाच लागला होता, तरी तिनं मला तारीख विचारली. तिथी विचारणारी बाई, पण आता तारीख विचारू लागली होती. चार एप्रिलला सकाळी मी तिला धरून काठावर नेलं. पालथ्या होडीवर ती टेकली. सूर्य उगवला, पाण्यावर उन्हाची पट्टी पडली आणि कळसापर्यंत गेली. खाली काय होतं ते पाण्याला ठाऊक.

ती म्हणाली, "मास्तर बोलला व्हता न्हाय का, बैठकीत?"

"बोलला होता."

"मीबी ऐकलं व्हतं," ती म्हणाली. आणि होडीला हात टेकून उठली. "चल. गारठा हाय."

भाद्रपदात ती गेली. सोपान आला, माधवी उंच झाली होती. राख म्हस्कूच्या होडीतून पाण्यात सोडली, कारण सोपानच्या होडीचा पत्रा गंजून गेला होता. ती होडी विकायची म्हणून त्यानं दोघा-तिघांना विचारलं, कुणी घेतली नाही. संध्याकाळच्या एस.टी.नं ते परत गेले. नव्या देवळाला बेल आता कोण वाहतं मला ठाऊक नाही. बहुधा कुणीच नाही. होडी काठावर तशीच पालथी आहे. दुपारी तिच्या सावलीला कोंबड्या बसतात.